जुनी पिकअप: मोरगाव पट्ट्यातल्या एका खरेदीचा आढावा

बारामती तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला नीरा डावा कालवा, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. मोरगाव, सुपे, तरडोली, मुर्टी, लोणी भापकर ही गावं त्याच तालुक्यातली, पण त्या चित्रात बसत नाहीत. कऱ्हा नदीचं पाणी बेभरवशाचं, उपसा योजनांचं आवर्तन सुटेल तेव्हा सुटेल. बाजरी, ज्वारी, कांदा, कुठे डाळिंबाची बाग, दावणीला दोन-चार गाई, अशी इथली शेती. निघणारा माल ट्रकभर नसतो आणि मोटारसायकलवर मावत नाही. त्यामुळे जुनी पिकअप घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, हा या जिरायत पट्ट्यातला कायमचा चर्चेचा विषय आहे.

चर्चेत दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं असतात आणि तरी ती एकमेकांना पटवू शकत नाहीत. त्याचं एक कारण ‘हलकं काम’ याच्या दोन अर्थांत आहे. कुणाचं काम वजनाने हलकं असतं पण रोजचं असतं: सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन, मोरगावच्या गणपती मंदिराभोवतीच्या दुकानांना लागणारे नारळ, पेढे आणि फुलं, किराणा. कुणाचं काम वजनदार असतं पण वर्षातून मोजके दिवस: कांदा निघाला की सुप्याच्या उपबाजाराला, लोणंदला किंवा थेट पुण्याच्या गुलटेकडीला, एरवी कडबा, खत, सिमेंट. पहिल्याला योग्य ठरलेली गाडी दुसऱ्याला अडचणीची होते. आढावा घेताना हा फरक शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो.

आजचा जुना बाजार कसा तयार झाला

छोट्या मालवाहू गाडीचा इतिहास पुणे जिल्ह्यातच घडला आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने आधी तीनचाकी गाड्या आणि मग मॅटाडोर रस्त्यावर आणली. टाटांची टाटामोबाईल 1988 ची. तिच्याच वंशातली 207 पुढे गावोगाव पोचली. महिंद्राची जीप आणि तिच्यामागे जोडलेला ट्रेलर हे तर कित्येक वर्षं ग्रामीण भागाचं अर्धं मालवाहतूक खातं होतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना आला आणि ‘आपे’ ही तालुक्यातच बनणारी तीनचाकी घराघरांत ओळखीची झाली.

खरा बदल 2005 साली झाला. त्या वर्षी मे महिन्यात टाटांनी ‘एस’ बाजारात आणली. 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, जेमतेम 16 अश्वशक्ती, 750 किलोची क्षमता, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. छोटा हत्ती या नावाने ती इतकी रुळली की तिचं मूळ नाव सांगितलं तर काही जण बुचकळ्यात पडतात. मग 2010 मध्ये महिंद्राची मॅक्सिमो, 2011 मध्ये अशोक लेलँड आणि निस्सान यांच्या भागीदारीतली दोस्त, 2015 मध्ये जीतो, 2016 मध्ये मारुतीची सुपर कॅरी आणि 2019 मध्ये टाटा इंट्रा अशी रांग लागली. या सगळ्या काळात सव्वा ते दीड टनाच्या गटात महिंद्राच्या बोलेरो पिकअपने आपलं बस्तान इतकं पक्कं केलं की आपल्याकडे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं तरी तीच गृहीत धरतात.

दुसरा धागा प्रदूषणाच्या नियमांचा. बीएस-4 देशभर लागू झालं 1 एप्रिल 2017 ला, बीएस-6 आलं 1 एप्रिल 2020 ला. त्यामुळे आज जुन्या बाजारात तीन पिढ्या शेजारी-शेजारी उभ्या दिसतात. यांत्रिक पंपाच्या साध्या डिझेल गाड्या, कॉमन रेल आणि सेन्सर आलेल्या मधल्या गाड्या, आणि धुराच्या नळीत गाळणी नि रासायनिक प्रक्रिया बसवलेल्या बीएस-6 गाड्या. या तिन्हींचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. जुनी गाडी म्हणून सरसकट बोलून इथे भागत नाही.

छोटा हत्ती की पिकअप

छोट्या हत्तीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. गाडी स्वस्त मिळते, बोळातून वळते, दुकानाच्या दारात लागते, सुटे भाग सुप्यातही मिळतात, आणि सांभाळून चालवली तर लिटरला 18 किलोमीटरच्या आसपास जाते. जुन्या एसचं इंजिन इतकं साधं आहे की गावचा कुठलाही मिस्त्री हात घालायला कचरत नाही. दुधाच्या आणि दुकानाच्या खेपांना याहून जास्त काही लागत नाही, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

विरोधकांचा आक्षेप गाडीवर कमी आणि माणसांवर जास्त असतो. साडेसातशे किलो म्हणजे पन्नास किलोच्या पंधरा गोण्या. शेतात भरताना पंधरावर कुणी थांबत नाही, वीस होतात, बाविसाव्या गोणीवर एक गडी बसतो. दोन सिलिंडरचं इंजिन उन्हाळ्यात तापतं, हेड गॅस्केट उडतं, मागचे पाटे बसतात. म्हणजे दोष क्षमतेबाहेर घालण्यात आहे. पण जुनी गाडी घेणाऱ्याला त्या दोषाचं बिल आधीच्या मालकाकडून वारशात मिळतं.

पिकअपवाले बोलेरो किंवा टाटा 207 कडे बोट दाखवतात. महिंद्राच्या अडीच लिटरच्या इंजिनाला भारासकट शेतरस्त्यावरून निघताना धाप लागत नाही, चासी भक्कम, मागे जाड पाटे, आणि विकायला काढली तर आठवडाभरात गिऱ्हाईक. या गाडीचे भाग आणि तिचा मिस्त्री शोधायला बारामतीलाही जावं लागत नाही. 207 ची ख्याती तिच्या चिवटपणाची. मात्र तिचं उत्पादन थांबून बराच काळ लोटल्याने धड अवस्थेतली 207 मिळणं आता नशिबावर आहे. पिकअपचा तोटा तिच्या पोटात आहे. लिटरला 12-13 किलोमीटर हा रस्त्यावरचा अनुभव, टायर मोठे, क्लच महाग.

हा वाद आकड्यांवर आणला की थोडा निवळतो. मोरगावहून जेजुरी-सासवड मार्गे गुलटेकडीला जाऊन-येऊन साधारण 140 किलोमीटर धरू. एसला सुमारे 8 लिटर डिझेल लागेल, पिकअपला 11. एसमध्ये पंधरा गोण्या, पिकअपमध्ये पंचवीस. भरून नेल्या तर एसला गोणीमागे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त डिझेल पडतं, पिकअपला अर्ध्याहून कमी. पण नेहमीचा माल बारा गोण्यांचाच असेल, तर पिकअपला गोणीमागे जवळजवळ एक लिटर जळतं आणि एस सहज जिंकते. गाडी ॲव्हरेज किती देते हे सगळे विचारतात. आपण ती किती भरणार, हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा.

याच रस्त्याची एक गोष्ट ताकदीच्या गप्पांत राहून जाते. आपला माल पुण्याला जाताना दिवे घाट उतरतो, चढतो ती रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी. या पट्ट्यातल्या गाडीची खरी परीक्षा म्हणजे पंचवीस गोण्यांसह हडपसरच्या बाजूला उतरताना तिचे ब्रेक. जुनी गाडी घेताना इंजिनावर तासभर घालवणारे ब्रेक ड्रमकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे मला कायम उलटं वाटत आलं आहे.

तिसरी बाजू दोस्त आणि सुपर कॅरीसारख्या गाड्यांची. दोस्तचं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं कॉमन रेल इंजिन शांत चालतं, क्षमता सव्वा टनाची, केबिन बसायला बरी. नाव कमी गाजलेलं असल्याने त्याच वयाच्या बोलेरोपेक्षा दोस्त स्वस्त पडते. सुपर कॅरीचं छोटं डिझेल 2020 मध्ये बंद झालं, पण सीएनजीवरच्या गाड्या चालू राहिल्या. या गटाबद्दलचा आक्षेप मिस्त्रीचा आहे. बिघाड सेन्सरचा असेल तर संगणक जोडून बघणारा माणूस बारामतीत किंवा पुण्यात, आणि गाडी उभी मोरगावला. बारामतीला रोज जाणं-येणं असणाऱ्याला यात काहीच अडचण वाटत नाही, मुर्टीच्या वस्तीवर राहणाऱ्याला वाटते.

तीनचाकी आपेचा उल्लेख थोडक्यात. गावातल्या गावात दूध, चारा, पाण्याचे जार यांसाठी ती आजही सगळ्यांत स्वस्त, विम्यालाही हलकी. हमरस्त्यावर लांबच्या खेपेला ती नको, यावर फारसा मतभेद नाही.

न घेणाऱ्यांचं म्हणणं

चौथं मत सहसा हसण्यावारी नेलं जातं, पण ते विचार करण्याजोगं आहे. गाडी घेऊच नका, भाड्याने लावा. गावात चार पिकअप आहेत, फोन केला की येतात, डिझेल, टायर, पासिंग सगळी त्यांची डोकेदुखी. शिवाय दारात ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहेच.

यात तथ्य किती ते बघायला एक नमुना हिशेब मांडतो. आकडे गृहीत आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. अडीच लाखांची जुनी पिकअप. वर्षाचा विमा करासह 17 हजार, पासिंग आणि इतर कागदपत्रं 8 हजार, टायर-बॅटरीसाठी बाजूला काढायचे 10 हजार, दुरुस्ती 20 हजार, घसारा आणि अडकलेल्या पैशाचं व्याज मिळून 30 हजार. बेरीज 85 हजार, डिझेलचा थेंब न जाळता. गाडी वर्षाला साठ दिवस चालली तर दिवसाला 1,400 रुपयांच्या वर खर्च, दीडशे दिवस चालली तर 570 च्या आत. साठ दिवसवाल्याला भाड्याची गाडीच परवडते, असंच हा हिशेब सांगतो.

मालकीवाल्यांकडे याला उत्तर आहे, आणि ते पैशांत मावत नाही. कांदा निघतो तेव्हा सगळ्यांचाच निघतो. बाजार चढलेला असतो त्या दिवशी भाड्याची गाडी मिळत नाही, आणि मिळाली तर भाडं चढलेलं असतं. रात्री गाय अडली, घरात कुणी आजारी पडलं, तर दारातली गाडी ही दारातली गाडी. भाद्रपद आणि माघातल्या यात्रांना, संकष्टीच्या गर्दीला माल वेळेवर आणायचा तर दुकानदाराला स्वतःचं वाहन लागतं. ट्रॅक्टरवर मात्र दोन्ही बाजूंचं बऱ्याच अंशी एकमत होतं. शेत ते घर ठीक, लांबच्या बाजाराला तो वेळखाऊ, आणि शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेला तर अपघातानंतर विम्याचा पेच उभा राहतो.

कागदांचं वय

गाडी जुनी झाली की किंमत उतरते, कागदांचा खर्च उतरत नाही. माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकी मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विमा 2022 मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला 16,049 रुपये आहे, वर कर वेगळा. गाडी सात लाखांची असो वा सव्वा लाखाची, आकडा तोच. फिटनेस, म्हणजे आपलं पासिंग, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांच्या पासिंगचे दर केंद्राने 2021 च्या अधिसूचनेने कित्येक पटींनी चढवले. एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी लागते, तोही खर्च नव्या मालकाच्या माथी येऊ शकतो.

दिल्लीच्या बातम्या वाचून दहा वर्षांवरचं डिझेल आता बंद होणार अशी भीती गावात अधूनमधून पसरते आणि त्या लाटेत काही जण चांगली गाडी मातीमोल विकून टाकतात. दिल्ली परिसरासाठी वयावरून बंदीचे आदेश हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाकडून आले, ते महाराष्ट्राला लागू नाहीत. इथे कसोटी पासिंगची आहे. गाडी तपासणीत उतरली तर चालते.

परवान्यांबाबत दोन गोष्टी घेणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे भारासकट एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती यात आरामात बसतो. पिकअपची पावणेदोन टनाची मॉडेल्स बसत नाहीत, म्हणून आरसीवरचं एकूण वजन वाचावं. दुसरं चालकाच्या लायसनचं. हलक्या मोटार वाहनाच्या साध्या लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. विमा कंपनीने या मुद्द्यावर हात वर करण्याची वाट त्यामुळे बंद झाली आहे.

नावावर करण्यात मात्र टाळाटाळ चालते. फॉर्म 29 आणि 30, ज्यांना एजंट टीटी फॉर्म म्हणतात, त्यांवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी तीन-तीन हात फिरते. विकणाऱ्याला वाटतं आपली सुटका झाली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाई त्याच्यावर, असा निकाल दिला. घेणाऱ्याची अडचण वेगळी. पतसंस्थेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म 35 आणि कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. एमएच-42 म्हणजे बारामतीची गाडी असेल तर काम जवळच्या जवळ होतं. परराज्यातून आणलेली गाडी स्वस्त दिसली तरी तिथली एनओसी, इथला कर आणि हेलपाटे धरले की फरक आटतो. थकलेली ई-चलनं बघायला तर फोनवरची दोन मिनिटं पुरतात.

गाडीचं मागचं आयुष्य

कंपनी कोणती यावर लोक तावातावाने बोलतात. अनुभवी मिस्त्री त्याआधी विचारतो, ही कशाला जुंपलेली होती? भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात चाललेल्या गाडीतून बर्फाचं पाणी सतत ठिबकतं आणि ते हौद्याच्या सांध्यांतून चासीवर उतरतं. बाहेरून रंग नवा, खालून पत्रा खपलीसारखा सुटतो. वाळू ओढलेली गाडी त्याहून वाईट. क्षमतेच्या दुप्पट भार, रात्रीची पळापळ, नदीपात्रातले धक्के, आणि कधी महसूल खात्याच्या कारवाईचं झेंगट. डीजेची गाडी इंजिनाने कमी चाललेली असते, पण हौदा कापून जोडलेला आणि वायरिंगचा पार चुथडा. दुधाची गाडी रोज धुतलेली असते म्हणून सांध्यांना गंज असतो. मात्र एकच चालक, ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ यामुळे तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा निरोगी निघतात. हार्डवेअरच्या दुकानाची, एकाच मालकाच्या हातातली गाडी मिळाली तर पन्नास हजार जास्त द्यायलाही हरकत नाही, असं सांगणारे मिस्त्री आहेत.

तपासणीची रीत साधी आहे. गाडी पहाटे, थंड असताना बघायची, आणि मालकाला आधी सेल्फ मारू द्यायचा नाही. बॉनेटवर हात ठेवून कोमट लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं. सुरू केल्यावर पांढरा धूर मिनिटभरात थांबला तर ठीक. निळसर धूर येतच राहिला तर गाडी ऑइल खाते. मग ऑइल भरायचं झाकण उघडायचं. चालू इंजिनाच्या तोंडातून थोडी वाफ येणारच. तिथून झोतच्या झोत बाहेर पडत असेल, झाकण वर ठेवलं तर थडथड उडत असेल, तर रिंग-पिस्टन गेले आहेत आणि बोअर काम दारात उभं आहे. रेडिएटरचं झाकण (थंड असतानाच) काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही बघावं.

खाली झोपल्याशिवाय पिकअप बघून होत नाही. मागच्या पाट्याचा हँगर चासीला जिथे जोडला आहे तिथे वेल्डिंगची गाठ किंवा वरून मारलेली पट्टी दिसली, तर तिथे चासी एकदा तडकलेली आहे. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उठते. ती आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवावी, आणि नंबरच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील तर विषय तिथेच संपवावा. मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नये, तो मागे घेणं मुळीच अवघड नाही. क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते जास्त खरं सांगतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. गाडी ‘कमी चाललेली’ आणि टायर तिसऱ्या संचातले, असंही दिसतं. शेवटी भार घालून एक चक्कर. रिकाम्या गाडीत दुसरा गिअर सटकत नाही, माल घातला की सटकतो. हे मालकाला माहीत असतं.

जुनं इंजिन की नवं

यांत्रिक पंपाची गाडी घ्यावी असं सांगणारा वर्ग मोठा आहे आणि त्यांचा तर्क गावाच्या भूगोलातून आला आहे. रस्त्यात बंद पडली तर पान्याने नोझल बदलून घरी येते. पण अशी गाडी आज आठ वर्षांच्या पुढचीच असणार, म्हणजे दरवर्षीचं पासिंग आणि थोड्याच वर्षांत चढे दर. कॉमन रेल गाडी कमी पिते आणि ओढते छान. तिला भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल सोसत नाही, आणि चार इंजेक्टर एकदम गेले तर जुन्या गाडीच्या किमतीत डोळ्यांत भरेल एवढा आकडा होतो.

बीएस-6 गाड्या आता पाच-सहा वर्षांच्या होऊन जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. धुराच्या नळीतली गाळणी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, गरम चालावी लागते. मोरगाव ते तरडोली अशा तुटक खेपांत ते होत नाही, दिवा लागतो, आणि दिव्याकडे काणाडोळा केला की खर्च. लांब पल्ल्याला जाणाऱ्याला हा त्रास कमी. एकाच गाडीबद्दल दोन शेजाऱ्यांची मतं उलटी का, याचं उत्तर पुष्कळदा त्यांच्या रोजच्या रस्त्यात सापडतं.

सीएनजीचा पर्याय इंधनात स्वस्त पडतो. टाकीचं वजन आणि तिने अडवलेली जागा, दर तीन वर्षांची टाकीची दाब चाचणी, आणि पंपावरची रांग हे हिशेबात धरलं तर तो रोजच्या ठरलेल्या फेरीला शोभतो. जुन्या पेट्रोल गाड्यांना वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मानवतं का, हा प्रश्न आपल्या भागात जरा मजेशीर होतो. ज्या उसाच्या कारखान्यांवर शेजारची गावं उभी आहेत, त्यांच्याच इथेनॉलबद्दल जिरायत पट्ट्यातला गाडीवाला कुरकुरतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील बदलून घ्यावेत, इतपत काळजीवर मिस्त्री सहमत आहेत.

हलक्या कामाच्या गाडीच्या प्रश्नाला जपानमध्ये कायद्यानेच आकार दिला. तिथे छोट्या मालगाडीला 660 सीसी इंजिनाची आणि 350 किलो भाराची मर्यादा आहे, बदल्यात कर आणि विमा कमी. म्हातारा शेतकरीही अशी गाडी वीस-वीस वर्षं वापरतो. आपल्याकडे सातशे सीसीच्या छोट्या हत्तीला आणि साडेसात टनांच्या ट्रकला तृतीय पक्ष विम्याचा दर एकच. थोडं काम करणाऱ्या छोट्या गाडीला वेगळा टप्पा असावा, ही सूचना मला रास्त वाटते. त्याला विरोध करणारे म्हणतात, अपघातातली भरपाई गाडीच्या आकारावर ठरत नाही. तेही खरं आहे.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठी अनिश्चितता किमतीची आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. टाटांनी त्याच वर्षी एस प्रो ही चार लाखांच्या आतून सुरू होणारी गाडी आणली. नवी गाडी हप्त्यावर इतक्या जवळ आली असताना तीन लाखांची सहा वर्षांची एस घ्यावी का, हा सवाल आता गंभीर आहे. नव्या गाडीला कर्ज सहज मिळतं आणि व्याजही कमी. जुन्या गाडीला बँका हात आखडतात, मग पतसंस्था किंवा जुन्या गाड्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्या उरतात. जुन्याचे भाव अजून पुरेसे उतरलेले नाहीत असं माझं निरीक्षण आहे. विकणारे गेल्या वर्षीच्या आकड्याला चिकटून बसले आहेत. फायनान्स कंपन्यांनी हप्ते थकल्याने ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात हा भाव आधी उतरेल, गावातल्या सौद्यात नंतर.

दुसरी अनिश्चितता पासिंगची. स्वयंचलित केंद्रांवरूनच तपासणी करण्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आहेत. ती पूर्णपणे लागू झाली की ब्रेक आणि धूर यंत्र मोजेल, एजंटची ओळख कामाला येणार नाही. चांगल्या जुन्या गाडीला त्यात भीती नाही. पण आज ‘पासिंग चालू आहे’ या शब्दावर विकल्या जाणाऱ्या किती गाड्या त्या यंत्रावर टिकतील, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. त्यामुळे हल्ली काही जण सौद्यात एक नवी अट घालतात: पासिंग संपायला महिना-दोन महिने राहिलेले असतील, तर विकणाऱ्याने आधी ते करून द्यावं, पैसे मागाहून.

विजेवरच्या छोट्या मालगाड्यांचा जुना बाजार अजून तयारच झालेला नाही. एस ईव्ही 2022 मध्ये आली, तिच्या बॅटरीची वॉरंटी संपल्यावर गाडीला काय भाव राहील यावर सध्या अंदाजच आहेत. दुधाच्या फेरीला, ठरलेल्या अंतराला ती नेमकी बसेल असं कागदावर दिसतं. मोरगाव-सुपे रस्त्यावर पहिली जुनी ईव्ही विकायला उभी राहील तेव्हा तिची बॅटरी तपासणारा मिस्त्री कोण असेल, यावर तिची किंमत ठरेल.

तोवर ज्याला आज गाडी हवी आहे त्याच्यापुढचे पर्याय बरेचसे ठरलेले आहेत. रोज साडेसातशे किलोपर्यंत माल आणि गावाभोवतीच्या फेऱ्या असतील तर 2017 नंतरची, एका-दोघांच्याच हातातली एस. आठवड्याला दोन-तीनदा टनभर माल बाजारात न्यायचा असेल तर आठ वर्षांच्या आतली पिकअप, आणि बारामतीचा मिस्त्री हाताशी असेल तर तिच्याऐवजी स्वस्तातली दोस्त. वर्षाला साठ-सत्तर दिवसांच्या आत काम असेल, तर गावातल्या पिकअपवाल्याशी हंगामाआधीच भाडं आणि दिवस ठरवून थोडा विसार देऊन ठेवणारे शेतकरी या पट्ट्यात आहेत, आणि त्यांचा कांदाही वेळेवर बाजारात पोचतो.